तगरचे कापड आणि पाण्यावरचा दिवा

धाराशिव शहराच्या ईशान्येस, तेरणेच्या काठी वसलेले तेर हे गाव आपल्यापैकी अनेकांना भगवान महावीरांच्या प्राचीन मंदिरामुळे परिचित आहे. संत गोरोबाकाकांची समाधीही येथेच. दर्शन आटोपून परतण्याची घाई नसेल, तर वाचकांनी गावातील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात तासभर अवश्य घालवावा. सातवाहनकालीन नाणी, मणी, भाजक्या मातीच्या मूर्ती आणि हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीप्रतिमा तेथे पाहावयास मिळते. हिच्याशी साम्य असलेली हस्तिदंती प्रतिमा इटलीतील पॉम्पेई येथे सापडली आहे. इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले तेच हे नगर. समुद्रापासून इतक्या दूरच्या मराठवाड्याचे आणि रोमचे नाते कोठून जुळले, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

त्याचे उत्तर पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. कर्त्याचे नाव अज्ञात असले तरी तो व्यवहारी मनुष्य होता, हे पानोपानी जाणवते. कोणत्या बंदरात काय विकते, काय मिळते, याची त्याने चोख नोंद ठेवली आहे. बारिगाझा, म्हणजे आजचे भडोच, तेथून दक्षिणेस वीस दिवसांवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले तेर, असे तो सांगतो. तगरहून जाडेभरडे कापड व नाना तऱ्हेची मलमल गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोचला जात असे. महिनाभर बैलगाडीत अडकलेले भांडवल! कर्जाच्या अर्जावर ‘माल वाटेत आहे’ एवढे वाचूनही ज्याच्या कपाळावर आठी पडे, अशा माझ्यासारख्या जुन्या बँक अधिकाऱ्याला त्या व्यापाऱ्यांच्या धीराचे कौतुक वाटते.

परंतु खरी जोखीम गाडीवाटेच्या पुढे होती. भडोचचे आखात अरुंद, तळाशी वाळूचे उथळ पट्टे, आणि किनारा इतका सखल की अगदी जवळ येईपर्यंत नर्मदेचे मुख ओळखू येऊ नये. त्यात भरतीचा लोंढा. अमावास्येच्या सुमारास, विशेषतः रात्रीची भरती आली की नदीच्या मुखाशी दुरून सैन्याचा गलका ऐकू यावा तसा आवाज होतो, असे ग्रंथकार लिहितो. नवख्या जहाजांवर संकट येऊ नये म्हणून राजाच्या चाकरीतील स्थानिक कोळी मोठ्या नावा घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, जहाजे ओढून आणत. भरती लागली की पुढे सरकायचे, ओहोटीला ठरलेल्या ठिकाणी नांगर टाकून थांबायचे. तगरच्या मलमलीचे मोल अखेर त्या कोळ्यांच्या ओळखीच्या पाण्यावर ठरत होते.

पुढे काठावर दिवे आले. मुंबईच्या वाटेवरील खांदेरीचे दीपगृह 1867 चे, कुलाब्यापुढील खडकावरचे प्राँग्ज दीपगृह 1875 चे. दीपगृहाच्या उघडझापेची लय शेजारच्या दीपगृहाहून निराळी ठेवतात, त्यामुळे तांडेल ठोके मोजून आपण कोठे आहोत हे ओळखतो. काही बंदरांत एकामागे एक, उंचीने कमी-जास्त असे दोन दिवे लावतात. ते एकावर एक, सरळ रेषेत दिसले की नाव खोल पाण्यात आहे. बाजूला सरकले की वाट चुकली. किती सोपी युक्ती!

नावेवरचे दिवे मात्र वेगळ्या कामाचे. वाट दाखवणे हे त्यांचे काम नाही. समोरच्याला आपण कोण, कोणीकडे निघालो, हे कळवण्यासाठी ते असतात. 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार डाव्या अंगाला तांबडा, उजव्या अंगाला हिरवा आणि मागे पांढरा दिवा. तांबडा व हिरवा प्रत्येकी साडेएकशे बारा अंशांतून दिसतो, मागचा एकशे पस्तीस अंशांतून. बेरीज करून पाहावी: बरोबर तीनशे साठ. ताळेबंद पैशालाही चुकत नाही! समोर तांबडा व हिरवा दोन्ही दिसले की ती नाव थेट आपल्यावर येत आहे. दोघांनी आपापल्या उजवीकडे वळावे. केवळ पांढरा दिसला तर बहुधा आपण तिच्या पाठीमागे आहोत. यंत्रावर चालणाऱ्या दोन नावांच्या वाटा छेदत असतील आणि आपल्या उजव्या हाताला दुसरीचा तांबडा दिसत असेल, तर थांबणे वा वळणे आपल्याकडे आले. आणि एखादा दिवा जागचा न हलता नुसता मोठा होत असेल, तर टक्कर ठरलेली समजावी.

लहान नावेला एवढा सरंजाम परवडत नाही, हे नियमकर्त्यांनीही जाणले. सात मीटरहून लहान, ताशी सात सागरी मैलांहून अधिक वेग नसलेल्या यंत्रनावेला चहूकडून दिसणारा एक पांढरा दिवा चालतो. वल्ह्याच्या होडीला हाताशी पेटती बॅटरी किंवा कंदील पुरे. मात्र तो टक्कर टळेल इतक्या आधी दाखवला पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात समुद्र नाही, पण पाणी आहे. माकणीचा निम्न तेरणा, परंडा तालुक्यातील सीना-कोळेगाव, अशा जलाशयांवर मासेमारी चालते, आणि जाळ्यांची कामे पुष्कळदा अंधारातच होतात. समुद्राचे नियम तेथे जसेच्या तसे लागू नसतील, तरी अंधार तोच. दिवा नसलेली होडी दुसरीच्या यंत्राच्या आवाजात बुडून जाते. मागे गावाचे दिवे लुकलुकत असतील तर तिचा मिणमिणता कंदीलही त्यांत हरवतो. नावाड्याच्या डोळ्यांसमोर प्रखर दिवा टांगणे हेही घातकच. डोळे अंधाराला सरावण्यास वीस-तीस मिनिटे लागतात आणि एका झोताने ती सारी मेहनत वाया जाते. दिवा डोक्याच्या वर, मागे असावा. बॅटरीचा झोत दुसऱ्याच्या डोळ्यांवर न टाकता आपल्याच नावेच्या अंगावर टाकावा, म्हणजे तिचा आकार दुरून दिसतो.

दिवाळीच्या वा मे महिन्याच्या सुटीत आपली कुटुंबे कोकणात, गोव्यात, एखाद्या धरणावर जातात. सूर्यास्त पाहता पाहता परतीला अंधार पडतो. माल पाठवताना विम्याचा कागद आपण दोनदा तपासतो. नावेत मुलांना बसवण्यापूर्वी प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट आहे का आणि दिवा कोणता आहे, हे नावाड्याला विचारावे, आणि तो समोर लावून दाखवायला सांगावा. नुसते ‘आहे’ हे उत्तर घेऊ नये. आपल्याजवळही एक बॅटरी, जादा सेलसह, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावी. ती पिशवी सामानाच्या तळाशी न टाकता हातात असावी.