अस्तर

जुन्या मोटारीची गोष्ट निघाली की लोक इंजिनाविषयी बोलतात, रंगाविषयी बोलतात. छताच्या आतल्या बाजूविषयी कोणी बोलत नाही. अस्तर जागेवर असते तोवर ते दिसतच नाही. सुटले, लोंबू लागले, डोक्याला लागू लागले की मग नजर वर जाते. आम्हा तिघा भावंडांची नजरही अशीच उशिरा वर गेली, आणि तीही घरचा धंदाच कुशनचा असताना.

आम्ही मिरजेचे नदाफ. आजोबा कापूस पिंजत, गाद्या-रजया भरत. पुढे फोमच्या गाद्या आल्या आणि पिंजणाऱ्याच्या दारात कोणी येईना. तेव्हा अब्बांनी मोटारींचे काम धरले. सीट, दारांचे पॅड, जीपचे हूड आणि छताचे अस्तर. चाळीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या सजवल्या. स्वतःसाठी गाडी घेतली एकच, तीही एका गिऱ्हाइकाने वापरून झालेली फियाट.

खरे तर तिचे नाव प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून मुंबईत कुर्ल्याला फियाट ११०० डी बनवायला घेतली. १९७४ पासून हीच गाडी पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. पण लोकांच्या तोंडी फियाट बसले ते बसलेच. आमच्याकडे तिच्यातून आजारी माणसे दवाखान्यात गेली, मोहल्ल्यातल्या कितीतरी नवऱ्या मुली सासरी गेल्या. मग ती पत्र्याच्या शेडखाली उभी राहिली.

अब्बा आता ऐंशीच्या घरात आहेत. कंपवाताने हात थरथरतात, चहाची बशीही धरवत नाही. भंगारवाला दोनदा येऊन भाव सांगून गेला. घरात चर्चा झाली. अब्बा काही बोलले नाहीत, फक्त गाडीकडे बघत राहिले. गाडी ठेवायची असे आम्ही ठरवले, आणि छताचे काम बाहेर द्यायचे नाही असेही ठरवले. कारण उघड होते. ते काम जाणणारे हात आमच्या घरात होते, पण ते आता चालत नव्हते. त्यांना जे ठाऊक होते ते आमच्या हातात यायचे असेल तर वेळ हीच होती.

बाजारात चौकशी केली तेव्हा एकाने सांगितले, मागे फोम लावलेले कापड सरळ पत्र्याला चिकटवून देतो, अर्ध्या दिवसाचे काम. अब्बांना हे सांगितले तर ते खुर्चीतूनच म्हणाले, ‘‘चिपकाने का नहीं रे, टांगने का.’’

या एका वाक्यात त्यांच्या धंद्याचे अर्धे ज्ञान होते. नव्या मोटारींत साच्यात घडवलेला एक पुठ्ठा असतो आणि त्यावर फोमचे कापड डकवलेले असते. उन्हातान्हात तो फोम भुसभुशीत होतो, त्याची पूड होते आणि कापड पोट सुटल्यासारखे खाली येते. जुन्या गाड्यांत तसे नसे. छताला आडव्या, कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी सळ्या असत. अस्तराच्या पाठीवर नेफे शिवलेले असत. लेंग्याच्या नाडीसाठी असतो, अगदी तसाच नेफा. त्यातून सळी ओवायची आणि अस्तर सळ्यांवर टांगायचे. पत्रा आणि अस्तर यांच्यामध्ये हवा राहते, त्यामुळे तापलेला पत्रा थेट डोक्यावर येत नाही.

काम सुरू केले ते उतरवण्यापासून. आधी आरसा, मग ऊन अडवायच्या झापड्या, मग आतला दिवा. पुढची आणि मागची कड काचेच्या रबराखाली गेलेली होती, म्हणून काचा काढाव्या लागल्या. तेवढे काम काचवाल्याकडून करून घेतले. सळ्या काढताना प्रत्येकीला चिकटपट्टी लावून त्यावर क्रमांक लिहिला, डावी-उजवी बाजू लिहिली, ती कोणत्या भोकात होती तेही लिहिले. दिसायला सगळ्या सारख्या, पण प्रत्येकीचा बाक वेगळा. एकीच्या जागी दुसरी गेली तर अस्तर एकीकडे ढिले आणि दुसरीकडे तंग राहते. आत पत्र्यावर गंज होता. तोंडाला रुमाल बांधून तो घासला आणि वर रेड ऑक्साइडचा हात दिला.

जुने अस्तर फेकायचे नव्हते. तेच नव्याचे माप. आपा ते ओट्यावर घेऊन बसली आणि एकेक शिवण उसवू लागली. उसवता उसवता थांबली. प्रत्येक नेफ्याच्या टोकाला धागा दोनदा मागे घेऊन वर बारीक गाठ मारलेली होती. ती गाठ आमच्या ओळखीची होती. आमच्या शाळेच्या गणवेशांवर होती, उशांच्या खोळींवर होती, नातवंडांच्या दुपट्यांवरही आहे. अम्मीची गाठ.

आम्ही अम्मीला विचारले. ती लसूण सोलत होती. म्हणाली, ‘‘रात को सिलती थी मैं. दुकान में मशीन एकीच थी, दिन में उसपे सीट का काम चलता था.’’ आणि पुन्हा लसूण सोलू लागली.

म्हणजे दुकानातून जी अस्तरे गेली, त्यांतली बहुतेक आम्ही झोपल्यावर आमच्याच घरात शिवली गेली होती. पाटी अब्बांच्या नावाची होती. गिऱ्हाईक अब्बांना वस्ताद म्हणत होते. अब्बांनी हे कधी लपवले नव्हते. आम्हीच कधी विचारले नव्हते, आणि सांगण्यासारखे काही आहे असे अम्मीला वाटले नव्हते. अब्बांकडे पाहिले तर म्हणाले, ‘‘बिठाना मेरा, सिलाई उसकी. सिलाई टेढ़ी तो बिठानेवाला क्या करेगा?’’

पुढचे काम मग दोघांच्या देखरेखीखाली झाले. रेक्झिन पातळ घेतले, सीटचे जाड रेक्झिन छताला चालत नाही. चारी कडांना चार बोटे जास्त ठेवून पट्टे कापले. दोन पट्टे जोडताना त्याच शिवणीत मांजरपाटाची दुमडलेली पट्टी घालायची, तोच नेफा. प्रत्येक पट्ट्याचा मध्य खडूने आखायचा. हे सगळे अम्मीचे.

बसवणे अब्बांचे. रेक्झिन आधी तासभर उन्हात पसरायचे, म्हणजे घड्या मोडतात आणि ते मऊ पडते. ऊबदार असतानाच बसवले तर थंड होताना आपोआप तंग होते. सळ्या ओवून मागून पुढे टांगत यायचे. सोल्युशन पत्र्यालाही लावायचे आणि रेक्झिनलाही, मग बोटाला जेमतेम चिकटेल इतके सुकू द्यायचे. दारे उघडी ठेवायची, जवळ विस्तव नको. आधी मधली रेघ पुढे-मागे ताणायची, बाजू नंतर. धरून ठेवायला कपडे वाळत घालायचे चिमटे. कोपऱ्यात चुण्या पडू लागल्या की नेफ्याचे टोक बोटबोट कापत जायचे, चुणी निघते. दिव्याचे भोक सर्वांत शेवटी. आम्ही जोर लावला की खुर्चीतून आवाज येई, ‘‘खेंचो नक्को, बैठने देव उसे.’’ आमच्या मिरजेत तंबोरे बनतात. तार किती ताणायची आणि कुठे थांबायचे, हे त्या गल्लीतले कारागीर कानाने ओळखतात. अब्बा डोळ्यांनी ओळखत होते. त्यांचे हात मांडीवर थरथरत होते, पण नजर स्थिर होती.

तीन रविवार लागले. आज छत सरळ आहे, शिवणी एका रेषेत आहेत. गाडीत बसणारा कोणी वर पाहत नाही. म्हणजे काम चांगले झाले.

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर या टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या. त्याआधी २०१५ मध्ये ‘टॅक्सी फॅब्रिक’ नावाच्या उपक्रमात तरुण चित्रकारांनी त्यांच्या सीटवर आणि छतांवर चित्रांचे कापड चढवले, तेव्हा लोकांनी मुद्दाम वर पाहिले. ते चांगलेच झाले. पण त्याआधी कितीतरी वर्षे त्या छतांखाली लोक ऊन-पावसात बसले. त्यांचे नेफे कोणी शिवले याची नोंद कुठे असणार?

आमच्या लोकांचे बरेचसे हुनर असेच आहे. पिंजणे, शिवणे, कल्हई, धार लावणे. पुस्तकात ते आले नाही, हातातून हातात गेले. त्यातही पाटीवर एक नाव आले आणि आतल्या खोलीतले नाव आतच राहिले. आम्ही आता सळ्यांचे क्रमांक, मापे, ताणण्याचा क्रम असे सगळे एका वहीत उतरवले आहे. पहिल्या पानावर कारागीर म्हणून दोघांची नावे आहेत, अम्मीचे आधी. अब्बांनीच तसे लिहायला सांगितले.

तुमच्याही घरात एखादे मशीन गप्प पडले असेल. त्यावर कोण बसत होते, रात्री की दिवसा, आणि काय शिवत होते, हे विचारून घ्या. सांगणारे माणूस समोर आहे तोवर.