बार कुणाचा, माग कुणाचा?

कोल्हापूरला शिकारीच्या फोटोंचं भारी कौतुक आहे. आमच्या मंगळवार पेठेत एखाद्या जुन्या घरात, तालमीत, कधी सलूनच्या भिंतीवरसुद्धा असा फोटो दिसतो. पुढं आडवं पडलेलं जनावर, शेजारी बंदूक टेकवून उभा असलेला कुणी बडा माणूस आणि अगदी कडेला मुंडासं बांधलेली चार-सहा माणसं. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात तर भुसा भरलेली जनावरंच मांडून ठेवली आहेत. फोटोखाली बंदूकवाल्याचं नाव असतं. कडेच्या माणसांना नाव नसतं. मला त्या कडेच्या माणसांविषयी लिहायचं आहे, कारण माझा आजा त्यांच्यातलाच.

आजा राधानगरीकडच्या गावचा. 1940 नंतरच्या चार-पाच वर्षांत, मिसरूड फुटायच्या आधीपासून तो हाक्याला जायचा. पुढं कामासाठी कोल्हापुरात आला, मंगळवार पेठेत खोली घेतली, आणि इथंच म्हातारा झाला. संध्याकाळी खासबागेच्या बाजूला कट्ट्यावर बसून तो आम्हा पोरांना जंगल सांगायचा. त्यात गंमत अशी की त्याच्या गोष्टीत बार कधी नसायचाच. त्याची गोष्ट बार झाल्यानंतर सुरू व्हायची.

"बार झाला की पळायचं न्हाई," हे त्याचं पहिलं वाक्य. सांबर गोळी लागल्यावर जागेवर पडतंच असं नाही. बऱ्याचदा ते उसळी मारतं आणि जाळीत शिरतं. साहेब मचाणावरून ओरडत असतो, "धावा, धावा!" आणि अनुभवी माणूस जागचा हलत नाही. तो आधी डोळ्यानं जागा धरतो: सांबर उभं होतं ते कुठल्या झाडाजवळ, गेलं ते कुठल्या दगडाच्या अंगानं. मग सावकाश तिथं जाऊन खाली बघतो. तुटलेले केस सापडले तर गोळी कुठं लागली याचा अंदाज येतो. पोटाखालचे केस फिकट, पाठीवरचे काळपट आणि राठ. रक्त लालभडक आणि फेसाळ असेल तर गोळी फुप्फुसात, जनावर फार लांब नाही. काळपट, दाट असेल तर काळजात. आणि रक्तात हिरवा चोथा असेल, आंबूस वास येत असेल, तर गोळी पोटात.

पोटातली गोळी सगळ्यात वाईट. जनावर मरणार हे नक्की, पण तासन् तास. अशा वेळी लगेच मागे लागलं तर ते उठून पळत राहतं, कोसभर जातं आणि हाती लागत नाही. थांबलं तर ते जवळच कुठंतरी बसतं. आजा म्हणायचा, साहेबाला थांबायला सांगणं हे वाघासमोर उभं राहण्यापेक्षा अवघड काम. त्याला चहाच्या आधी फोटो पाहिजे असायचा.

मग माग सुरू. गवताच्या पात्याला किती उंचीवर रक्त लागलंय, एकाच बाजूला की दोन्ही बाजूंना, त्यावरून गोळी आरपार गेली की आत राहिली हे कळतं. पळणाऱ्या जनावराचे खूर फाकलेले उमटतात, लंगडणाऱ्याचा एक ठसा ओढलेला दिसतो. उलटलेल्या पानाची ओली बाजू वर आलेली असते. रक्त संपलं की बहुतेक माणसं हात टेकतात. आजा शेवटच्या थेंबावर दगड ठेवायचा आणि त्या दगडाभोवती फिरायला लागायचा. आधी लहान फेरा, मग मोठा. माणसाच्या नजरेला न दिसलेलं रक्त मुंग्यांना आणि माश्यांना सापडतं, म्हणून तो मुंग्या कुठं गोळा झाल्यात ते बघायचा. घायाळ जनावर चढ टाळतं, पाण्याकडं उतरतं, म्हणून फेरा ओढ्याच्या अंगाला जास्त. हे सगळं ज्ञान आहे, मित्रांनो. याला आपल्याकडं कुणी ज्ञान म्हटलं नाही, कारण ते अनवाणी माणसाकडं होतं.

हे ज्ञान आमच्याकडं आलं कसं? जन्मजात गुण वगैरे मी मानत नाही. ते व्यवस्थेनं लादलेल्या कामातून आलं. गावगाड्यात चोरी झाली की चोराचा माग काढायचं काम महाराचं, रामोशाचं. माग गावाच्या शिवेपर्यंत न्यायचा, पुढच्या गावच्या राखणदाराच्या ताब्यात द्यायचा. आपल्याच शिवेत माग हरवला तर चोरीची भरपाई अंगावर यायची, असा रिवाज होता. पिढ्यान् पिढ्या ज्याच्या पोटाची आणि पाठीची सुटका माती वाचण्यावर अवलंबून आहे, तो माती वाचायला शिकणारच. बंदुकीचा परवाना वरच्याला, माती वाचायची सक्ती खालच्याला.

आणि वाटा? जनावर सापडलं तर शिंगं आणि कातडं दिवाणखान्यात, चांगलं मांस वाड्यावर, हाक्याच्या माणसांना उरलंसुरलं. साहेब कंटाळून निघून गेला आणि जनावर सापडलं नाही, तर दोन-तीन दिवसांनी गिधाडं घिरट्या घालायची. मग महारवाड्यातली माणसं जायची आणि सडायला लागलेलं ते मांस आणायची. ज्यानं अर्धवट मारून सोडलं तो शिकारी, शूर. ज्यानं भुकेपोटी ते खाल्लं तो मेलेलं खाणारा, विटाळाचा. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेलं मांस सोडा म्हणून सांगितलं, त्यामागं ही सगळी साखळी होती. आजा ते कळल्यावर म्हणाला होता, "सोडायला सांगितलं ते खरं, पण आदी टाकायचं कुणी बंद केलं?"

इथं कुणी म्हणेल, शाहू महाराजही शिकारी होते. होतेच. कोल्हापूर दरबारचे चित्ते नावाजलेले होते. (चित्त्याच्या शिकारीत माग काढायचं काम कमी. काळवीट धरून चित्ता तिथंच बसलेला असतो.) पण मार्च 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत तरुण भीमराव अध्यक्ष असताना, त्यांचं भाषण ऐकायला आपण मुद्दाम शिकारीतून आलो, असं महाराजांनी तिथंच सांगितलं होतं. त्या भाषणात त्यांनी अस्पृश्यांना त्यांचा पुढारी दाखवून दिला. त्याआधी 1918 साली त्यांनी महार वतन रद्द केलं, पोलिसांपुढची हजेरी बंद केली, फासेपारध्यांना जवळ करून कामं दिली. शिकारीला जाणारा राजा शिकारीतल्या कडेच्या माणसाकडं बघत होता. त्यांच्यानंतर हे बघणं थांबलं. कागदावर वतन गेलेलं असूनही वीस-पंचवीस वर्षांनी माझ्या आजाला हाळी आली की जावंच लागत होतं.

फासेपारध्यांचं तर आणखी वेगळं. त्यांच्याकडं बंदूक नव्हती, फास होता. फासात अडकलेलं हरीण तिथंच सापडतं. पोटात गोळी घेऊन तीन दिवस रान तुडवत फिरत नाही. तरीही 1871 च्या कायद्यानं सुरू झालेला गुन्हेगार जमातीचा शिक्का पारध्यावर बसला. 31 ऑगस्ट 1952 ला तो कागदावरून पुसला गेला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. मला कुणाच्याही हातात बंदूक नको आहे. पण कायदा कुणाच्या दारात आधी पोचतो ते बघा. रानात फास सापडला की पारध्याची पालं उलटीपालटी होतात. आणि 1998 साली जोधपूरजवळ काळविटं मारली त्या प्रकरणात एका बड्या नटाला शिक्षा व्हायला 2018 साल उजाडलं, ती झाली पाच वर्षांची, आणि दोन दिवसांत जामीन. तिथं निदान बिश्नोई लोकांनी वीस वर्षं माग सोडला नाही, म्हणून एवढं तरी झालं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपली चळवळ बार काढण्यात पटाईत झाली आहे. अत्याचाराची बातमी आली की दुसऱ्या दिवशी बिंदू चौकात निषेध, बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर घोषणा, फोटो, पोस्ट. हे हवंच. पण महिन्याभरानं विचारा, त्या प्रकरणाचं काय झालं? कुणाला माहीत नसतं. घायाळ माणूस जाळीत शिरलेला असतो आणि आपण मचाणावरून उतरून घरी आलेलो असतो.

बाबासाहेबांनी असं केलं नाही. चवदार तळ्याचं पाणी 20 मार्च 1927 ला. त्यावरचा दिवाणी दावा चालू राहिला तो मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला 17 मार्च 1937 ला. दहा वर्षं. मधे पुणे करार, गोलमेज, येवल्याची घोषणा, पक्षस्थापना, निवडणूक. एवढ्या धबडग्यातही तळ्याच्या केसचा कागद हरवला नाही. घाटकोपरच्या रमाबाई नगरात 11 जुलै 1997 ला पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली, ती खरोखरीची गोळी होती. ज्या उपनिरीक्षकामुळं ती झाली त्याला जन्मठेप सुनावली गेली 2009 साली. या बारा वर्षांत कोर्टाच्या पायऱ्या चढणारे किती जण तुम्हाला नावानं माहीत आहेत? 11 जुलैला भाषणं करणारे मात्र सगळे माहीत आहेत.

ॲट्रॉसिटी कायद्यात माग काढायची सोय आहे. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा, साठ दिवसांत आरोपपत्र दाखल व्हायचं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता समितीनं दर तीन महिन्यांनी बसायचं. अर्थसहाय्य एकदम मिळत नाही, टप्प्याटप्प्यानं मिळतं. गुन्हा नोंदल्यावर एक भाग, आरोपपत्र गेल्यावर एक, निकालानंतर एक, आणि कुठल्या गुन्ह्याला किती ते नियमांच्या तक्त्यात लिहिलेलं आहे. यातला प्रत्येक टप्पा म्हणजे रक्ताचा एकेक थेंब. एक चुकला की पुढचा सापडत नाही. साठावा दिवस उलटला आणि कुणी विचारलं नाही, की साक्षीदारावर दबाव सुरू होतो. गावातच राहायचं असतं त्याला. तो फुटला की आपण त्याला गद्दार म्हणतो. त्याच्याकडं त्या साठ दिवसांत आपल्यातलं कोण गेलं होतं?

आमच्या पेठेतली सात-आठ पोरं-पोरी गेली दोन वर्षं एक वही चालवतात. कंटाळवाणं काम आहे, त्यात घोषणा नाहीत. एका पानावर एक प्रकरण: गुन्ह्याची तारीख, कलमं, तपास अधिकाऱ्याचा हुद्दा, साठावा दिवस कधी, कुठला हप्ता मिळाला, पुढची तारीख कोणती. जिथं माहिती तुटते तिथं लाल पेनानं फुली, आणि त्या फुलीभोवती फिरायचं: पोलीस ठाणं, समाजकल्याण कार्यालय, सरकारी वकील, पुन्हा पीडिताचं घर. एका प्रकरणात पहिला हप्ता पाच महिने अडकला होता. बँकेच्या खात्याचा एक आकडा चुकला होता, एवढंच. पाच महिने त्या बाईला कुणी सांगितलं नव्हतं.

वहीत सध्या अकरा पानं भरलेली आहेत, तीन फुल्या आहेत. त्यांतली एक गगनबावड्याकडची, तिथं पुढच्या आठवड्यात जायला मोटारसायकलवाला एक जण हवा आहे. ज्यांना यायचंय त्यांनी रविवारी संध्याकाळी पाचला यावं, आणि आपल्या गावातलं प्रकरण असेल तर एफआयआरची प्रत सोबत आणावी. ती प्रत फिर्यादीला फुकट द्यायची असते. ठाण्यात पैसे मागितले तर देऊ नका, आम्हाला सांगा.

जय भीम.