अभ्यागत संशोधक आणि शेखाडीचा किनारा

केंब्रिज विद्यापीठात १९५९ साली स्थापन झालेल्या गुन्हेगारीशास्त्र संस्थेचे पहिले संचालक लिओन रॅडझिनोविच हे जन्माने पोलिश आणि विद्वत्तेने कायद्याचे इतिहासकार होते. संस्थेच्या ग्रंथालयाला आज त्यांचेच नाव आहे. परंतु जगभरचे अभ्यासक ज्या ग्रंथसंग्रहासाठी तेथे जातात, त्याहूनही मला त्या संस्थेची क्रॉपवुड पाठ्यवृत्ती अधिक मोलाची वाटते. कारण ती प्राध्यापकांसाठी नव्हती, तर तुरुंगाधिकारी, पोलीस अंमलदार, परिवीक्षा अधिकारी अशा प्रत्यक्ष कारभारात मुरलेल्या माणसांसाठी होती, आणि नोकरीत जो प्रश्न मनाला सतत टोचत राहिला, त्याचाच अभ्यास त्यांनी काही काळ दफ्तरापासून दूर बसून करावा, एवढीच तिची अपेक्षा असे.

आपल्याकडे १९३६ साली मुंबईत सुरू झालेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेने गुन्हेगारीशास्त्र हा विषय रुजवला आणि कैद्याच्या पुनर्वसनाकडे समाजाचे लक्ष वेधले, हे तिचे ऋण मी मानतो. तथापि विद्यापीठांत येणारा अभ्यागत बहुधा दुसऱ्या विद्यापीठातूनच येतो. चौकीवरचा माणूस मात्र येत नाही.

रायगडच्या किनाऱ्याकडे पाहिले की ही उणीव मला विशेष जाणवते. १९६८ च्या सुवर्णनियंत्रण कायद्याने सोन्याच्या व्यवहाराला कुंपण घातले, आणि तो कायदा १९९० मध्ये रद्द होईपर्यंतच्या काळात कोकणच्या खाड्यांतून चोरट्या मालाची एक संपूर्ण विद्याच तयार झाली : उधाणाची भरती कोणती, होडी कोठे लावायची, ट्रक कोठे उभा राहायचा आणि वाटेत कोणाचे तोंड किती रकमेने बंद होते. त्याच वाटांनी १९९३ च्या जानेवारीत दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला माल उतरला. दिघीहून निघालेली वाहने गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवली. लाचेची रक्कम ठरली आणि ती हाती येईपर्यंत हमी म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेऊन वाहने सोडून देण्यात आली. शेखाडीला उतरलेल्या मालात आरडीएक्स होते. १२ मार्चला मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. पुढे कस्टम आणि पोलीस खात्यांतील माणसेही दोषी ठरली, आणि २१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या खटल्यातील अपिलांचा निकाल दिला.

न्यायालयाचे काम तेथे संपले. गुन्हेगारीशास्त्राचे तेथून सुरू व्हायला हवे होते. फाट्यावर उभ्या असलेल्या अंमलदाराला आत काय आहे हे पाहावेसे का वाटले नाही? माझा तर्क असा की, वर्षानुवर्षे सोने-चांदीच जात आल्यामुळे लाच ही त्याच्या लेखी जणू एक ठरीव जकात झाली होती, आणि जकात घेणारा दर विचारतो, गाठोडे सोडत नाही. हा तर्क खरा की खोटा हे मी ग्रंथालयात बसून सांगू शकत नाही. ज्याने त्या फाट्यावर रात्री काढल्या आहेत, ज्याला वरून येणारा निरोप आणि खालून येणारी बातमी यांतील अंतर ठाऊक आहे, अशाच माणसाला ते सांगता येईल. पण बंदोबस्त, समन्स आणि पंचनामे यांतून त्याला लिहिण्याची सवड कधी मिळालेलीच नाही.

हे केवळ जुन्या प्रकरणापुरते नाही. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला तीन एके-४७ बंदुका असलेली बेवारस नौका लागली, तेव्हा नाकाबंदी झाली. ती नौका जूनमध्ये ओमानच्या बाजूला सोडून दिलेली आणि वाऱ्यापाण्याने वाहत आलेली निघाली. पावसाळी समुद्र काय काय आणून टाकतो याचे ज्ञान कोळीवाड्यात पिढीजात आहे, आणि माझ्या मते अशा पाठ्यवृत्तीवर एखाद्या नाखव्याचाही हक्क आहे.

म्हणून अलिबागच्या हिराकोटात, कान्होजी आंग्र्यांच्या त्या कोटात आज जे जिल्हा कारागृह आहे, तेथील सुभेदार, श्रीवर्धनचा फौजदार, कस्टमचा निरीक्षक यांना सहा महिन्यांची भरपगारी रजा, एक मार्गदर्शक आणि त्या खटल्याची कागदपत्रे मिळावीत. त्यांचे लेखन वरिष्ठांच्या मंजुरीसाठी जाऊ नये, गोपनीय अहवालात त्याचा उल्लेख येऊ नये, आणि ते मराठीत व्हावे. कारण निकालपत्र इंग्रजीत आहे, आणि बोर्ली पंचतनला नव्याने रुजू होणाऱ्या शिपायाने ते वाचावे असे कोणाच्याही मनात अद्याप आलेले दिसत नाही.