लिटरमागे काही सेंट

तेलाच्या धंद्यात मी 31 वर्षं काढली, पण तेलाला कधी हात लागला नाही. मुंबईतल्या एका तेल कंपनीच्या कॉस्टिंग विभागात होतो. टँकर कुठून निघतो, घाटात कुठे अडकतो, हे मला कागदावरून कळायचं, आणि तेही किलोलिटरमागे किती रुपये, एवढ्यापुरतंच.

कागदावर जगणाऱ्या माणसाची मतं पक्की असतात. माझं मत होतं, ज्याचा खर्च त्याने सोसावा. सरकारने दर ठरवायचे, एकाकडून जास्त घेऊन दुसऱ्याची तूट भरायची, हा हिशेब नव्हे, हिशेबाची चेष्टा. एप्रिल 2002 मध्ये जुनी दरपद्धत मोडीत निघाली, तेलपूल खातं बंद झालं, तेव्हा विभागात पेढे वाटले होते मी. 2010 मध्ये पेट्रोल मोकळं झालं आणि 2014 मध्ये डिझेल. दोन्ही वेळा वाटलं, देश शहाणा होतोय.

त्याच काळात मी एक टिपण लिहिलं होतं. डोंगराच्या अंगाला वसलेल्या 11 गावांना माल पोचवण्याचा खर्च विक्रीच्या मानाने फार होता. तो जादा खर्च त्यांच्याच माथी मारावा, जमत नसेल तर पुरवठा थांबवावा, असं मी सुचवलं. त्यात एक शब्दप्रयोग केला होता: 'अव्यवहार्य ग्राहक'. साहेबांनी तो अधोरेखित करून शेजारी बरोबरची खूण केली. ती खूण मी बरेच दिवस मनात मिरवली.

निवृत्तीनंतर मॉरिशसला जाणं झालं ते मुलीमुळे. तिचं सासर तिथल्या वाक्वा गावचं. व्याह्यांचे पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर गेलेले. घरात क्रेओल भाषा चालते, गणपतीत मराठी आरत्या. व्याही निवृत्त शिक्षक. माझ्याशी मराठीत बोलायचं म्हणून ते आधी क्षणभर थांबत, मग एकेक शब्द जपून काढत.

सकाळी त्यांच्या वर्तमानपत्रात पेट्रोलच्या दराची फोड छापलेली दिसली. माझ्यासाठी ती मेजवानीच. या देशात तेलाचा थेंब निघत नाही. सगळं तेल स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही एकच सरकारी संस्था आणते. तेव्हा ते आपल्या मंगळूरच्या रिफायनरीतून, सुमारे चार हजार किलोमीटरवरून येत होतं. पंप चार कंपन्यांचे, पण भाव सगळीकडे एक. त्या भावात काय काय दडलेलं! स्वयंपाकाचा गॅस, पीठ आणि तांदूळ स्वस्त ठेवण्यासाठी लिटरमागे काही रुपये. आणि खाली एक बारकी ओळ: रॉद्रिगची वाहतूक आणि साठवण, काही सेंट.

"हे काय?" मी विचारलं.

"आमचं दुसरं बेट. तिकडे तेल न्यायचा खर्च."

"तो तुम्ही का भरता?"

व्याह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुम्ही बघूनच या, व्याही. मी येतो बरोबर."

मी गेलो तो जिंकायला. हे सांगताना लाज वाटते, पण खरं तेच आहे. माझ्या मताला तिथे एखादा धडधडीत पुरावा मिळेल, फुकट्या तेलावर लोळणारी माणसं दिसतील, अशी माझी तयारी होती.

रॉद्रिग मॉरिशसच्या पूर्वेला, समुद्रात साडेपाचशे किलोमीटरहून लांब. क्षेत्रफळ 108 चौरस किलोमीटर, वस्ती चाळीस हजारांच्या थोडी वर. बायका ओहोटीच्या उथळ पाण्यात उतरून ऑक्टोपस टिपतात आणि दोरीवर वाळत घालतात, धुतलेल्या कपड्यांसारखे. डोंगरावर थोड्या पवनचक्क्या आहेत, वादळ आलं की आडव्या निजवता येतील अशा. बाकी बहुतेक वीज तेलावरच. पाणीही काही प्रमाणात त्या विजेवर, कारण समुद्राचं पाणी गोडं करून पुरवावं लागतं. हे सगळं तेल आधी मंगळूरहून मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात, तिथून पुन्हा जहाजाने रॉद्रिगच्या पोर्ट मॅथुरिनला. म्हणजे दोनदा उतरवणं, दोनदा साठवणं, दोनदा घट. माझ्या डोक्यातला कॅल्क्युलेटर सुरूच होता.

आम्ही पोचलो आणि पाठोपाठ गेलेना चक्रीवादळ आलं. फेब्रुवारी 2019. वाऱ्याचे झोत ताशी दीडशे किलोमीटरच्या वर. रात्रभर घर कण्हत होतं. सकाळी बघतो तर झाडं, पत्रे, तारा सगळं जमिनीवर आणि जवळजवळ सगळं बेट अंधारात. विमानं बंद.

आम्ही उतरलो होतो तिथल्या घरमालकाकडे एक छोटा जनरेटर होता. रस्ता मोकळा झाल्यावर तो डबा घेऊन पंपावर निघाला, मीही मागोमाग. रांग लांब होती. पुढे एक म्हातारी रिकामा कॅन उलटा ठेवून त्यावर बसली होती. पंपावरचा आकडा दिसेना म्हणून मी रांग सोडून पुढे जाऊन पाहिला. वाक्वाला पाहिला होता तोच. सेंटनेही फरक नाही.

परत येऊन मी व्याह्यांना म्हटलं, "याला विचारा, अशा वेळी तरी भाव वाढत नाही का?"

त्यांनी क्रेओलमध्ये विचारलं. घरमालक माझ्याकडे बघत राहिला. व्याह्यांनी पुन्हा, जरा वेगळ्या शब्दांत विचारलं. त्याने भुवया आक्रसल्या, काहीतरी उलट विचारलं.

"काय म्हणाला?"

"तो म्हणतो, वादळ आमच्यावर आलं, मग भाव कशाला वाढेल?"

मला हसू यायला हवं होतं. अर्थशास्त्राचा पहिला धडा याला माहीत नाही, असं एरवी मी म्हटलंच असतं. पण तो अडाणी नव्हता. मी विचारलेली गोष्ट त्याच्या जगात नव्हतीच. आणि माझ्या जगात ती इतकी मुरली होती, की म्हातारी कॅनवर बसलेली दिसत असताना मला आधी आकडा बघावासा वाटला.

त्या रात्री मेणबत्तीजवळ बसून मी हिशेब मांडला. हट्टाने. रॉद्रिगचा खरा भाव काढू, म्हटलं. तोही जमेना. जहाजाचा खर्च तेल कमी नेलं म्हणून फारसा कमी होत नाही. टाकी अर्धी वापरली तरी पूर्ण बांधावीच लागते. वादळाच्या मोसमाआधी साठा भरून ठेवावा लागतो. त्याला मी आयुष्यभर 'अडकलेलं भांडवल' म्हणत आलो, आणि आत्ता शेजारी जो जनरेटर धडधडत होता तो त्याच अडकलेल्या भांडवलावर. समजा हा सगळा बोजा इथल्याच लोकांवर टाकला. भाव चढेल, खप उतरेल. खप चौथाईने उतरला, की उरलेल्या प्रत्येक लिटरवरचा हा बोजा तिसऱ्या हिश्श्याने वाढणार. मग भाव आणखी चढणार, आणखी काही जण बेट सोडणार. तशीही इथली तरणी पोरं कामासाठी मॉरिशसला जातातच. मी ज्याला खरा भाव म्हणत होतो तो आकडा एका जागी उभाच राहत नव्हता. किती जण मिळून तो भरतात, यावर तो ठरत होता. चाळीस हजारांनी भरला तर पाठ मोडणारा, साडेबारा लाखांनी भरला तर काही सेंट.

31 वर्षं मी छेदाला स्थिर मानून भागाकार करत आलो. शाळेतल्या पोरालाही मार्क दिले नसते अशी चूक.

आणि मग मॉरिशस तरी काय? मंगळूरच्या दृष्टीने तेही रॉद्रिगच. चार कंपन्यांनी चार छोटी जहाजं आणली असती तर वाक्वाचा भावही वेगळा असता. एकाच संस्थेने एकगठ्ठा खरेदी करायची, ही मला जी सरकारी आळशीपणाची खूण वाटायची, ती बेटाची गरज होती.

मी आंधळा भक्त झालो असं मात्र नाही. त्याच तेलाच्या वाहतुकीसाठी 2009 मध्ये बेटामॅक्स कंपनीशी 15 वर्षांचा करार झाला होता. 2014 च्या अखेरीस सरकार बदललं आणि 2015 मध्ये करार रद्द झाला. कंपनीला भरपाई देण्याचा निवाडा सुमारे साडेचार अब्ज मॉरिशियन रुपयांचा, आणि जून 2021 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो कायम केला. तो पैसाही लोकांचाच. त्याच वर्षी कोविडच्या लशींसाठी लिटरमागे दोन रुपये बसले. 2022 मध्ये महागाईवरून रस्त्यावर दंगे झाले, पेट्रोल 74 रुपये 10 सेंटवर गेलं. तेव्हा व्याही फोनवर वैतागले होते, की पेट्रोलच्या पाठीवर किती ओझी लादणार? पीठ-तांदळाचा भार कराच्या रूपात उघडपणे घ्यावा, असं मला आजही वाटतं. मी विचारलं, मग रॉद्रिगची ओळही काढायची का? ते म्हणाले, "ती राहू दे. तेवढी एक कळते आम्हाला."

परवा डोंबिवलीच्या घरात माळा आवरताना जुन्या डायऱ्या सापडल्या. त्या 11 गावांचा खर्च किलोलिटरमागे किती होता, ते डायरी न उघडताच आठवलं, दोन दशांशांपर्यंत. मग गावांची नावं आठवायला बसलो. एकही येईना. डायरी उघडून पाहिली. तिथेही नव्हती, नुसते अनुक्रमांक होते, 1 ते 11.