कोठारातली लढाई

युद्धपटाची पटकथा शिकवणे तुलनेने सोपे. शत्रू समोर असतो, मरण समोर असते, गोष्टीला ओढ आपोआप मिळते. पेच पडतो तो युद्ध नसलेल्या फौजेचा. हजारो तरुण, डोंगराएवढी सामग्री आणि रोजचे काम म्हणजे काल केलेली तयारी आज पुन्हा करणे. या रिकामपणातून विनोद कसा निघतो आणि तो काळा कसा होत जातो हे दाखवायला मी वर्गात ‘बफेलो सोल्जर्स’ लावतो. रॉबर्ट ओ’कॉनरच्या १९९३च्या कादंबरीवरून ग्रेगर जॉर्डन या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाने २००१मध्ये केलेला हा चित्रपट.

काळ १९८९चा, स्थळ स्टुटगार्टजवळचा अमेरिकी तळ. त्या दशकात पश्चिम जर्मनीत सुमारे अडीच लाख अमेरिकी सैनिक सोव्हिएत रणगाड्यांची वाट पाहत बसले होते. बर्लिनची भिंत पडायला आली तरी ते रणगाडे काही आले नाहीत. चित्रपटाचा नायक रे एलवूड (वाकीन फिनिक्स) लढवय्या नाही, पुरवठा बटालियनमधला कारकून आहे. गाडीचोरीत सापडल्यावर न्यायाधीशाने तुरुंग किंवा लष्कर असा पर्याय दिला, म्हणून तो इथे आला. आता तो कर्नलच्या टेबलाजवळ बसतो आणि तळे राखी तो पाणी चाखी या न्यायाने स्टोअर राखतो.

त्याची चोरी कशी चालते ते नीट पाहावे. तो कुलूप फोडत नाही. मागणीपत्र लिहितो आणि कर्नल बर्मनपुढे सहीला ठेवतो. फरशी चकचकीत करणाऱ्या द्रवाची गॅलनांनी मागणी होते, कर्नल सही करतो आणि माल मागच्या दाराने काळ्या बाजारात जातो. कागदोपत्री सगळे रीतसर. सरकारी कोठारात भिंत पाडून झालेली चोरी लगेच कळते; नियम पाळून केलेली चोरी कळायला लेखापरीक्षक लागतो, आणि लेखापरीक्षकालाही कागदच दाखवायचे असतात.

कर्नलच्या भूमिकेत एड हॅरिसला घेणे ही तर दिग्दर्शकाची चलाखीच. ‘अपोलो १३’ आणि ‘द रॉक’मध्ये ज्याचा करारी जबडा पाहिला, तोच नट इथे ओशाळवाणा, भला, बढतीच्या आशेवर जगणारा माणूस होतो. बर्मन पैसे खात नाही. त्याला फक्त जनरल व्हायचे आहे, आणि त्यासाठी वरिष्ठांसमोर सगळे ठीक दिसायला हवे. भ्रष्टाचाराला लाचखोर साहेब लागतोच असे नाही, सही करणारा सज्जन पुरतो. हे मी विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा ज्यांचे वडील सरकारी नोकरीत आहेत ते आधी हसतात.

मग रणगाड्याचा प्रसंग. हेरॉइनच्या तारेत असलेले शिपाई सरावातून भरकटतात, जर्मन गावाच्या बाजारात घुसतात, वाटेत फोक्सवॅगन चिरडतात आणि शेवटी पेट्रोलपंपाला धडकतात. आगीत शस्त्रांचे ट्रक नेणारे दोघे जवान मरतात. रणगाड्यातल्यांना आपण काय केले याचा पत्ताही नसतो. एलवूड तिथे पोहोचतो आणि त्याला दिसतात ते बेवारस उभे ट्रक. प्रेक्षक खदाखदा हसत असतो आणि हसता हसता त्याला आपण कशावर हसतोय ते उमगते.

जोसेफ हेलरच्या ‘कॅच-२२’मधला मायलो याच जातीचा व्यापारी, पण त्याच्याभोवती महायुद्ध पेटलेले आहे. १९५५ ते १९५९ अमेरिकी टीव्हीवर गाजलेला सार्जंट बिल्को तर एलवूडचा थेट पूर्वज. कॅन्ससमधला तळ, गाड्यांचा विभाग, जुगार, सोंगे. बिल्कोच्या लबाडीत कोणी मरत नाही. एलवूडच्या लबाडीत मरतात, आणि एकही गोळी शत्रूची नसते.

चित्रपटावर लष्करी मंडळींनी बदनामीचा आरोप केला. एका बाबतीत ते मला पटते. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पाहणीत मागच्या महिन्याभरात अमली पदार्थ घेतल्याचे सांगणारे सैनिक १९८०मध्ये २७.६ टक्के होते. १९८८मध्ये ते ४.८ टक्क्यांवर आले. मधल्या काळात, १९८१मध्ये, ‘निमिट्झ’ या विमानवाहू जहाजावर अपघातात १४ जण मेले, काही मृतांच्या शरीरात गांजाचे अंश सापडले आणि लघवीच्या चाचण्या सक्तीने सुरू झाल्या. म्हणजे जॉर्डनने व्हिएतनामनंतरच्या फौजेचे दुखणे १९८९च्या फौजेला चिकटवले. स्टोअरबद्दल मात्र तो खोटे बोलत नाही.

माझी मोठी तक्रार वेगळी आहे. मध्यावर सार्जंट ली (स्कॉट ग्लेन) येतो, व्हिएतनाममध्ये लढलेला, थंड डोक्याचा. तो एलवूडची मर्सिडीज चांदमारीला लावतो, एलवूड त्याच्या मुलीला फिरवू लागतो आणि पुढचा चित्रपट दोन पुरुषांचे वैर होऊन बसतो. खलनायक मिळाला की व्यवस्था सुटते. शेवटी एलवूडची बदली हवाईला होते, नवे कार्यालय, नवा साहेब. तिथे व्यवस्था पुन्हा सापडते, पण तोवर उशीर झालेला असतो.

नशीबही वाईट. सप्टेंबर २००१मध्ये टोरांटो महोत्सवात चित्रपट दाखवला गेला, मिरामॅक्सने तो उचलला आणि लगोलग न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले. प्रदर्शन लांबत लांबत जुलै २००३वर गेले. तोवर अमेरिकी फौज इराकमध्ये होती. सनडान्स महोत्सवात तर चिडलेल्या प्रेक्षकाने कलाकारांच्या दिशेने पाण्याची बाटली फेकली.

आपल्याकडे त्याच वर्षी, मार्च २००१मध्ये, ‘तहलका’ने छुप्या कॅमेऱ्यासमोर संरक्षण सौद्यांची बोलणी दाखवली. जवानांच्या नावावर उभ्या राहिलेल्या कुलाब्यातल्या ‘आदर्श’ इमारतीने २०१०मध्ये मुख्यमंत्र्यांचे पद घेतले. मालमसाला तयार होता, पण अशी विनोदिका झाली नाही. २०२०मध्ये संरक्षण मंत्रालयाने लष्करी विषयावरच्या चित्रपटांना आधी ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायला सांगा, असे सेन्सॉर मंडळाला कळवले. मात्र सगळा दोष मंत्रालयावर टाकता येणार नाही. पुण्यात मिलिटरी कँटीनची बाटली कोणाच्या ओळखीने आली हे विचारण्याची पद्धत नाही. आपण ती कौतुकाने उघडतो.

माझ्या एका विद्यार्थ्याने तशी पटकथा लिहून पाहिली. दोन शेजारची युनिटे, वार्षिक तपासणी, आणि रातोरात कुंपणावरून इकडून तिकडे जाणारी तीच ती ब्लँकेटे, दोन्ही नोंदवह्यांत मोजलेली. एका निर्मात्याने ती पोट धरून हसत वाचली आणि विचारले, “झकास आहे. पण यात पाकिस्तान कुठे येतो?”