बोलका अननस



कॅनडाच्या दोन राजभाषा आहेत, इंग्रजी आणि फ्रेंच. पण ओंटारिओ प्रांतात बहुतेक घरांत इंग्रजीच चालते. तिथल्या मुलांना फ्रेंच यावी म्हणून टीव्हीओंटारिओ या सार्वजनिक वाहिनीने १९८४ ते १९८६ या काळात ‘तेलेफ्राँसे’ ही मालिका काढली. तीस भाग, प्रत्येक दहाच मिनिटांचा. टोरांटोला लेकीकडे गेले होते तेव्हा नातवंडांबरोबर मी तिचे काही भाग पाहिले.

झाक आणि सोफी या दोन मुलांना भंगाराच्या ढिगात एक अननस सापडतो. तो चक्क बोलतो, आणि तेही फ्रेंच! अधूनमधून हाडांच्या सांगाड्यांचे बँडपथक येते आणि शिकलेले शब्द गाण्यातून पुन्हा म्हणून घेते.

मी जन्मभर शाळेत शिकवले, म्हणून मला त्यातली पद्धत फार आवडली. एकदा फ्रेंच सुरू झाली की मध्ये इंग्रजीत अर्थ सांगत बसत नाहीत. वस्तू दाखवायची, हातवारे करायचे, तोच शब्द चार वेळा म्हणायचा. मूल हसता हसता समजून घेते.

आणखी एक गंमत. फ्रेंचमध्येही त्या फळाला अननसासारखेच नाव आहे, आपल्या हिब्रूतही तसेच. शब्द मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांच्या गलबतांतून तो आपल्याकडे पोहोचला. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला तो नव्याने शिकावा लागतो. तुम्हाला, मुलांनो, तो आधीच येतो!

त्या फ्रेंचच्या पाठीशी सरकार आहे, शाळा आहे. इथे इस्रायलात आपल्या मराठीला घर आणि हा वर्ग, एवढाच आधार. पुष्कळ घरांत आजी ‘पाणी’ म्हणते आणि लगेच ‘मायिम’ही म्हणते. मग मूल ‘मायिम’चीच वाट पाहते. ‘पाणी’ कानाआड जाते.

म्हणून वडीलधाऱ्यांना विनंती : रोज दहा मिनिटे फक्त मराठी. मलिदा करताना नातवंडांना जवळ घ्या. पोहे भिजवू द्या, खोबरे खवू द्या, गूळ चाखू द्या. शब्द हातातून आणि जिभेवरून आत जाऊ द्या. अर्थ सांगण्याची घाई नको.

आणि मुलांनो, मोडकीतोडकी का होईना, मराठीतच उत्तर द्या. आजी-आजोबा आहेत तोवर विचारून घ्या. त्यांच्यानंतर ‘खवणे’ म्हणजे काय, हे घरात तुम्हालाच सांगावे लागेल.