लाकूड तहानलेलं नसतं

नाशिक, २० नोव्हेंबर

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

टेबलाचे फोटो पाहिले. रंगाऱ्याला एवढ्यात हो म्हणू नकोस. ‘सगळं घासून पीयू मारून देतो, काचेसारखं चकाकेल,’ हे तो खोटं सांगत नाहीये. चकाकेलच. पण पीयू म्हणजे लाकडावर बसवलेला पापुद्रा. एक कोपरा उडाला किंवा खाली पाणी शिरलं, की तेवढ्यापुरती डागडुजी दिसण्यासारखी होत नाही, अख्खा पृष्ठभाग पुन्हा उतरवावा लागतो. तेलाच्या फिनिशचं तसं नाही. तळहाताएवढा डाग, तळहाताएवढी दुरुस्ती. जेवणाच्या टेबलाला, त्यात दोन मुलांच्या घरात, हा गुण चकाकीपेक्षा मोलाचा आहे.

मात्र ते फिनिश तेलाचंच आहे ना, हे आधी बघून घे. खालच्या कडेला दिसणार नाही अशा जागी पॉलिशवाल्यांचं स्पिरिट कापसाने लाव. जागा चिकट होऊन मऊ पडली तर ते चपड्याचं पॉलिश, आणि मग हे पत्र तुझ्या उपयोगाचं नाही. काही झालं नाही आणि नखाला लाकडाच्या रेषा सरळ लागत असतील, तर खुशाल पुढे वाच.

तू लिहितेस, ‘लाकूड कोरडं पडलं होतं म्हणून दर रविवारी खोबरेल पाजलं, तरी चिकटच.’ अगं, तरी नव्हे, म्हणूनच! लाकूड तहानलेलं नसतं. तो साग कापला गेला तेव्हाच त्याचं खाणंपिणं संपलं. तेल त्याचं पोषण करत नाही. ते आत थोडं मुरतं, तिथेच घट्ट होतं आणि पाण्याची वाट अडवतं. सगळी मदार त्या घट्ट होण्यावर असते, आणि खोबरेल ते कधीच करत नाही.

जवसाचं तेल वाळतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही. उलट ते हवेतला प्राणवायू घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि द्रवाचा घनपदार्थ होतो. वाळताना त्याचं वजन वाढतं ते यामुळेच. कुठल्या तेलात ही ताकद किती, हे आयोडीन मूल्यावरून कळतं: खोबरेलाचं १०च्या आसपास, शेंगदाणा तेलाचं ९०च्या आसपास, जवसाचं १७०च्या वर. चित्रकार शतकानुशतकं तैलरंग जवसाच्या तेलात घोटत आले, तेही याचसाठी. खोबरेल मात्र वर्षभराने बघितलंस तरी तेलच असतं. धूळ धरतं आणि खवट वास मारतं.

तेव्हा दुरुस्तीची सुरुवात काही लावण्याने नाही, काढण्याने कर. खिडक्या उघड्या ठेव, गॅस बंद ठेव, सुती फडकं टर्पेंटाइनमध्ये भिजवून पिळून घे आणि रेषांच्या दिशेने पुसत जा. फडकं पिवळं पडलं की बदल. पांढऱ्या फडक्यावर डाग उमटेनासा झाला आणि बोट फिरवल्यावर ते सरकायच्या ऐवजी किंचित अडखळलं, की खोबरेल बऱ्यापैकी निघालं असं समज. मग टेबल दोनेक दिवस तसंच मोकळं ठेव.

आता डाग. ते तीन जातींचे दिसतात, त्यामुळे एकच औषध तिघांना चालायचं नाही.

गरम वाटीचं पांढरं वर्तुळ सर्वांत सोपं. तिथे ओल वरच्या थरात अडकलेली आहे, लाकडात नाही. काही दिवस कोरड्या हवेत आपोआप फिकं होईल. राहिलंच तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर दोन थेंब जवसाचं तेल घेऊन हलक्या हाताने घास.

हळदीचा डाग घासू नकोस. साबणाच्या पाण्याने पूस, कोरडा कर आणि टेबल गॅलरीतल्या उन्हाकडे ओढ. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, हे तुझ्या आजीला पांढऱ्या कपड्यांवरून ठाऊक होतंच.

काळं वर्तुळ मात्र खोल असतं. ओली लोखंडी कढई ठेवली होतीस ना? लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन एकत्र आलं की शाईसारखा काळा रंग तयार होतो. तो घासून काढायला गेलीस तर खळगा पडेल आणि डाग तिथेच राहील. तारेची घासणी तर लावूच नकोस. तिचे कण रेषांत अडकले की आणखी काळे ठिपके. यावर ऑक्झॅलिक ॲसिड. रंगांच्या दुकानात पांढरी पूड मिळते. विषारी आहे, म्हणून मुलं शाळेत गेल्यावर, हातमोजे घालून, काचेच्या भांड्यात. कपभर गरम पाण्यात चमचाभर विरघळव आणि नुसत्या डागावर न लावता त्या पूर्ण फळीवर लाव, नाहीतर काळ्याच्या जागी गोरा डाग उठून दिसेल. पंधरा-वीस मिनिटांनी स्वच्छ पाण्याने तीन-चारदा पुसून घे. फळी पूर्ण वाळेपर्यंत तिला पॉलिश पेपर लावू नकोस, आणि नंतर लावशील तेव्हाही नाकावर मास्क हवा. ती पूड श्वासात जाता कामा नये.

सगळं कोरडं झालं की २२० आणि मग ३२० नंबरचा पेपर, नेहमी रेषांच्या दिशेने. घासलेली जागा फिकी दिसेल. घाबरू नकोस, सागाचा रंग उजेडाने पुन्हा चढतो.

तेल आणताना ‘डबल बॉइल्ड लिनसीड’ माग. नाव काही असो, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून उरलेलं तेल पोळपाटाला लावायचं नाही. पहिल्या हाताला त्यात निम्मं टर्पेंटाइन घाल. टेबलावर ओतू नकोस, फडक्याने पातळ पसर. मिनिटभरात काही जागा ओल्या राहतील, काही पुन्हा मंद होतील. मंद झाल्या तिथे आणखी लाव. वीस मिनिटं थांब आणि मग जुन्या सुती साडीचा तुकडा घेऊन सगळं पुसून काढ. सगळं म्हणजे सगळं, काही लावलंच नव्हतं असं वाटेपर्यंत. वर राहिलेलं तेल नीट वाळत नाही, त्याची चिकट साय धरते. सागात ही काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण त्याच्या अंगच्या तेलकट द्रव्यांतली काही बाहेरच्या तेलाला वाळू देत नाहीत. दुसरा हात किमान चोवीस तासांनी, हाताला कोरडं लागलं तरच. तीन हात पुरेत. दिवाळीनंतरच्या या हवेत जमून जाईल. पावसाळ्यात हेच काम रेंगाळतं आणि वर बुरशी धरते.

आता हे नीट वाच. तेलाची फडकी चुरगाळून बादलीत टाकू नकोस. तेल वाळताना उष्णता सोडतं. पसरलेल्या कापडावरून ती निघून जाते, बोळ्यात साठते आणि काडी न लावता कापड पेट घेतं. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत बाविसाव्या मजल्यावर आग लागली, ती लाकूडकाम करणाऱ्यांनी मागे ठेवलेल्या जवस तेलाच्या चिंध्यांनी. तीन अग्निशामक जवान गेले. आग थांबली ती तिसाव्या मजल्यावर, तिथे पाण्याचे फवारे बसवलेले होते म्हणून. तुझी फडकी गॅलरीच्या कठड्यावर एकेक सुटी वाळत घाल. कडक झाली की मगच कचऱ्यात.

पुढे वर्षाकाठी एक पातळ हात, तोही पाण्याचा थेंब लगेच मुरायला लागला तरच. त्याआधी हात शिवशिवले तर कोरड्या फडक्याने धूळ पूस. रंगाऱ्याला भिंती दे, टेबल देऊ नकोस.

दादाला आणि वहिनीला नमस्कार सांग, मुलांना पापे.

तुझी,
आत्या

ता. क. – तुझ्या निषादने फोनवर विचारलं होतं, तेच तेल बॅटला चालेल का. बॅटला डबल बॉइल्ड नको, कच्चं जवसाचं तेल हवं. चमचाभर, पुढच्या बाजूला आणि कडांना. मूठ जिथे पात्यात बसते तो जोड सोडून. बॅट रात्रभर आडवी ठेवायची. जास्त लावलं तर चेंडू लांब जातो असं त्याला मित्राने सांगितलंय. त्याला म्हणावं, बॅट नुसती जड होते.